हरकत नाही ना?

या मंडळी, जवळ या. अशी विखरून बसलात तर गोष्ट मधल्या मोकळ्या जागेतच सांडून जायची. आणि ते बघा, दाराशी एक गृहस्थ बगलेत वही धरून कधीचे उभे आहेत. त्यांना टेकायला जागा करून द्या. जरासं सरकायला हरकत नाही ना? नाही ना? छान. सरकलात. देव तुमचं भलं करो. आता ऐका.

समुद्राची पातळी आणि कार्यालयाचं काम या दोन्ही गोष्टी इतक्या हळू पुढे सरकतात, की पाय ओले झाल्याशिवाय काही कळत नाही. म्हणून शहाण्या राज्यात पाय ओले व्हायच्या आधीच एक समिती नेमतात. (पाय पुढे ओले होतात ते होतातच. पण ते समितीच्या देखरेखीखाली होतात, आणि त्यात केवढा फरक आहे हे ज्याचे पाय बिनासमितीचे ओले झाले त्यालाच विचारावं.)

असंच एक बंदराचं गाव होतं. तिथे भरतीचं पाणी दरसाल थोडं थोडं वर येऊ लागलं. आधी ते धक्क्यावर आलं, मग मासळीच्या ओट्याखाली, मग एके दिवशी टपाल कचेरीत येऊन तिकिटांच्या खिडकीशी रांगेत उभं राहिलं. तेव्हा वरून हुकूम सुटला आणि 'किनारा नियोजन व लोकसहभाग कार्यालय' स्थापन झालं. त्याचं पहिलं कलम इतकं सुंदर होतं, की वाचणाऱ्याचा गळा दाटून यावा: 'लोकांना विचारल्यावाचून लोकांचे काहीही करू नये.' म्हणजे जे करायचं ते करावं, पण विचारून.

कार्यालयात तीन माणसं होती. एक मोठे साहेब. त्यांचं घर टेकडीवर होतं, त्यामुळे समुद्राकडे ते अत्यंत निःपक्षपातीपणे पाहू शकत. दुसरी सहभाग अधिकारी, जिला सगळे सहभागताई म्हणत. गळ्यात शिट्टी, हातात रंगीत कागद आणि चेहऱ्यावर असा उत्साह, की समोरचा माणूस नुसत्या लाजेखातर सहभागी व्हावा. तिसरा लेखनिक. त्याला लोक 'शब्दशः' म्हणत, कारण तो ऐकलेलं सगळं शब्दशः लिहीत असे. खोकलासुद्धा. माणूस मनाने अगदी निर्मळ. त्याने आयुष्यात एकही खोटा शब्द लिहिला नाही, आणि म्हणूनच पुढचा सगळा घोळ झाला.

तर विचारायचं ठरलं. आता ज्यांना विचारायचं ते लोक हवेत. बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात सभागृह केलं होतं. रस्त्यावरून तीन पायऱ्या खाली उतरायचं, पत्र्याच्या खुर्च्या, भिंतींना अजून जुन्या गारव्याचा वास. पहिल्या चार बैठकांची हजेरी कार्यालयाच्या अहवालात दिली आहे, ती अशी: तीन, दोन, शून्य आणि एक. (चौथ्या बैठकीचे ते एक गृहस्थ दुसऱ्या बैठकीत विसरलेली छत्री न्यायला आले होते. 'लोकसहभागात सातत्य' या मथळ्याखाली त्यांचा छत्रीसह फोटो आहे.) पाचव्या बैठकीला 'चहा आणि बिस्किटे' असं पत्रकात छापलं, आणि दोनशे चौदा माणसं आली. समुद्र वाढतोय हे ऐकून जे हलले नव्हते ते बिस्किटांनी हलले, यावरून लोकसहभागाच्या शास्त्रात एक मोलाची भर पडली.

त्या दोनशे चौदांमध्ये आपली मावशी होती.

मावशी ताडपत्र्या शिवायची. होड्यांवरच्या, ट्रकांवरच्या, दुकानांपुढच्या. बंदराच्या शेवटच्या गल्लीत, अकरा घरांच्या रांगेत, तिचं दोन खोल्यांचं घर. तिच्या सासऱ्यांनी ते हट्टाने खडकावर बांधलेलं, पाच पायऱ्या चढून जायचं. जड ताडपत्री खांद्यावर घेऊन त्या पाच पायऱ्या चढताना गिऱ्हाइकं तिच्या सासऱ्यांचा जो उद्धार करत, तो इथे सांगण्यासारखा नाही. समुद्राकडच्या खिडकीपाशी शिवणयंत्र. जाड कापड ओढताना यंत्रच पुढे चालू लागायचं, म्हणून नवऱ्याने ते चार बोल्टांनी जमिनीत ठोकून ठेवलेलं. कानामागे खुणा करायची पेन्सिल, मांडीवर मेणाची वडी, दोरा त्यावरून ओढून घ्यायचा आणि मग टाके. त्या खिडकीतून येतो तसा उजेड गावात दुसरीकडे कुठे नाही, असं ती म्हणायची. काळ्या ताडपत्रीवर काळा टाका घालायला तोच उजेड लागतो.

मावशीच्या तोंडी एक शब्द बसला होता: हरकत नाही. गिऱ्हाईक पंधरा दिवस उशिरा आलं, हरकत नाही. सुई मोडली, हरकत नाही. लग्न ठरताना नवरा चाचरत म्हणाला होता, "घरात माझी मोठी बहीणही राहील, हरकत नाही ना?" आणि ही म्हणाली, "हरकत नाही." त्याला एकतीस वर्षं झाली. बहीण, म्हणजे हिच्या वन्सं, अजून आहेत. नवरा मात्र चार वर्षांपूर्वी गेला. इस्पितळात तिचा हात धरून म्हणाला, "तुला मागे ठेवून चाललो." तेव्हाही ती म्हणाली, "हरकत नाही." (आयुष्यात ती एकच वेळ अशी, की तिने ते म्हटलं आणि तिच्या मनात तसं नव्हतं.)

वन्सं म्हणजे अगदी उलटं पात्र. त्यांना सूर्य उगवण्याच्या पद्धतीबद्दलही आक्षेप होता.

तर पाचवी बैठक. सहभागताईंनी शिट्टी वाजवली आणि म्हणाल्या, आधी आपण सगळे समुद्राच्या मनात शिरू या. गावातल्या केस कापणाऱ्याला समुद्र करण्यात आलं. त्याने निळी चादर पांघरली आणि तो खुर्च्यांच्या रांगांतून हळूहळू वर येऊ लागला. पहिली रांग गेली, दुसरी गेली. तिसऱ्या रांगेशी तो थबकला आणि साहेबांना म्हणाला, "साहेब, कुठे थांबू?"

साहेब म्हणाले, "ते पुढच्या बैठकीत ठरेल."

"तोवर येत राहू?"

"तोवर येत राहा."

(शब्दशःच्या वहीत नोंद: 'समुद्राने थांबण्याबाबत विचारणा केली. त्यास येत राहण्यास सांगण्यात आले.' कार्यालय आणि समुद्र यांच्यातला हा एकमेव पत्रव्यवहार होय.)

मग भिंतीवर नकाशा लावला. नकाशावर एक नाजूक निळी रेघ. रेघेच्या अलीकडचं सगळं 'रक्षणीय', म्हणजे तिथे भिंत बांधणार. पलीकडचं सगळं 'समुद्राकडे वर्ग'. मावशीने पुढे जाऊन चष्मा लावून पाहिलं. अकरा घरांची गल्ली रेघेच्या अलीकडे होती, केसभर का होईना, पण अलीकडे. तिने देवाला मनोमन हात जोडले आणि दुसरं बिस्किट घेतलं.

आणि नेमक्या त्या वेळी शेवटच्या रांगेतून वन्सं ओरडल्या, "अहो, मागून काही दिसत नाही!"

पाच बैठकांत लोकांकडून आलेली ती पहिली सूचना होती. सहभागताईंचे डोळे पाणावले. साहेब उठून उभे राहिले. ताबडतोब, जागच्या जागी, सूचना स्वीकारण्यात आली. सहभागताईंनी जाड मार्कर घेतला आणि त्या नाजूक रेघेवरून अशी काही दुसरी रेघ ओढली, की ती रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसावी. टाळ्या पडल्या. वन्सं सगळ्यांकडे बघून मान लववत होत्या.

नकाशावर रेघेची जाडी झाली अर्धं बोट. जमिनीवर ते भरलं बावीस पावलं. अकरा घरं, त्यांच्या पायऱ्या, एक नळ आणि वन्संचं कपडे वाळत घालायचं दांडकं रेघेच्या पोटात गेलं.

आठवड्याने मावशीला पत्र आलं. 'आपले घर रेघेच्या अलीकडेही नाही व पलीकडेही नाही. ते रेघेत आहे. रेघ ही कार्यालयाची असल्याने तीत राहता येत नाही. हरकत असल्यास सुनावणीस हजर राहावे.'

"वाच बघू परत," वन्सं म्हणाल्या.

मावशीने परत वाचलं.

"मागून दिसत नाही, एवढंच तर म्हटलं मी!"

"हरकत नाही, वन्सं."

"हरकत नाही काय? हरकत आहे! अगं वहिनी, यंत्र उपटून नेणार कुठे? तो उजेड पिशवीत भरून नेणार आहेस का?"

मावशी यंत्राकडे बघत राहिली. चार बोल्ट. तिसरा ठोकताना नवऱ्याचा अंगठा चेचला होता. तेव्हा तो काय म्हणाला होता तेही तिला आठवलं, आणि तिला हसू आलं, आणि मग नाही आलं.

तीन दिवस तालीम झाली. वन्सं नाकावर चष्मा घेऊन यंत्राच्या स्टुलावर साहेब होऊन बसत. "बोला बाई, काय म्हणणं आहे?" मावशी दारातून आत येई आणि म्हणे, "माझी हरकत आहे." पहिल्या दिवशी आवाज उंबऱ्याच्या पुढे येईना. दुसऱ्या दिवशी आला, पण शेवटी 'बरं का' लागलं. तिसऱ्या दिवशी ती इतकं खणखणीत म्हणाली, की वन्सं दचकून म्हणाल्या, "माझ्यावर कशाला ओरडतेस?"

"चुकलं, वन्सं."

"हरकत नाही," वन्सं म्हणाल्या, आणि दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. रोग संसर्गजन्य होता.

सुनावणीचा दिवस उजाडला. वेळ दहाची. साहेब साडेअकराला आले. म्हणाले, "मावशी, उशीर झाला. हरकत नाही ना?"

"हरकत नाही," मावशी म्हणाली.

बसायला दिलेली खुर्ची तीन पायांची निघाली. सहभागताई म्हणाल्या, अय्या. मावशी म्हणाली, हरकत नाही. सही करायला दिलेलं पेन उठेना. हरकत नाही. मग साहेबांच्या कोपराने कपातला चहा मावशीच्या अर्जावर सांडला. ते बिचारे खरंच ओशाळले. मावशीने आपल्या रुमालाने टेबल पुसलं, साहेबांची बाहीसुद्धा पुसली आणि म्हणाली, "हरकत नाही हो, होतं असं."

मग उभी राहून, तालमीत केल्याप्रमाणे, खणखणीत म्हणाली, "माझी हरकत आहे!"

साहेबांनी शब्दशःकडे पाहिलं. शब्दशःने वही चाळली आणि घसा साफ करून वाचलं (आणि घसा साफ केल्याचीही नोंद केली): "सदर महिलेने 'हरकत नाही' असे चार वेळा सांगितले. 'हरकत आहे' असे एकदा. वजावट करता तीन मतांनी संमती."

"अहो, ते चहाला म्हणाले मी!"

"कशाला म्हणालात असा रकाना नाही, मावशी," शब्दशः कळवळून म्हणाला. "मी बनवा म्हणून दोनदा कळवलंय."

सहभागताईंनी मावशीचा हात हातात घेतला. "तुम्ही इतकं मनापासून बोललात ना! वाईट वाटून घेऊ नका हं."

आणि मावशी, ती माउली, सवयीने म्हणाली, "हरकत नाही."

शब्दशःने डोळे मिटले. पण लिहिलं. पाच.

अंतिम सुनावणी पुढच्या महिन्यात होती. वन्संनी मावशीच्या रुमालाला गाठ मारली, यंत्रावर कागद चिकटवला, आणि त्या शब्दावर घरात बंदी घातली. पण सवयीचा शब्द काढून घेतला तर त्या जागी काहीतरी ठेवायला हवं. म्हणून मावशी कार्यालयात जाऊन शब्दशःलाच विचारून आली, की बाबा, दुसरं काय म्हणू? त्याने नियमावली काढून सांगितलं, आणि ते तिने ताडपत्रीच्या तुकड्यावर पेन्सिलीने उतरवून आणलं:

'चालेल' म्हटल्यास संमती.
'असू दे' म्हटल्यास कायमस्वरूपी संमती.
'बरं' म्हटल्यास योजनेचे जाहीर स्वागत.
'बघू' म्हटल्यास जागेच्या पाहणीस परवानगी.
'तुमची मर्जी' म्हटल्यास मुखत्यारपत्र.
'काय बोलणार आता' म्हटल्यास भाषणाची वेळ नाकारल्याची नोंद.
काहीच न म्हटल्यास, अथवा नाव वहीत नसल्यास, रकाना सात: 'समाधानी'.

"आणि उसासा टाकला तर?" वन्संनी विचारलं.

"विचारलं मी. उसासा म्हणजे सुटकेचा निःश्वास धरतात."

वन्संनी तो तुकडा उलटून मागे आणखी काही लिहिलंय का ते पाहिलं. आक्षेप घेण्यात हयात गेलेल्या त्या बाईला पहिल्यांदाच आपल्या तोडीचं कोणीतरी भेटलं होतं.

अंतिम सुनावणी भर दुपारी ठेवली होती. त्या दिवशी मोठं उधाण होतं, हे बंदरावरच्या मांजरालाही ठाऊक होतं. पण तारीख कार्यालयाच्या दिनदर्शिकेवरून काढलेली, आणि त्या दिनदर्शिकेत भरती-ओहोटी नव्हती. (समुद्र हा संबंधित पक्ष असल्याने त्याला तारीख आधी कळवणं पक्षपाताचं झालं असतं.) पुन्हा दोनशे चौदा माणसं, पुन्हा बिस्किटं. वन्सं मात्र आल्या नव्हत्या. मी तिथे गेले तर पुन्हा काहीतरी सुचवीन, असं म्हणून त्या घरीच खिडकीत बसल्या.

एक वाजून गेला आणि सभागृहाच्या तीन पायऱ्या उतरून पाणी आत आलं. अगदी सभ्यपणे, भिंतीच्या कडेकडेने. साहेबांनी पाय खुर्चीवर घेतले आणि म्हणाले, "सभेत थोडं पाणी आलं आहे. कामकाज चालू ठेवायला कोणाची हरकत?"

"हरकत नाही!" दोनशे तेरा माणसं एका सुरात म्हणाली. मावशीने रुमालाची गाठ दातांत धरली होती.

पाणी घोट्यापर्यंत आलं. सहभागताई म्हणाल्या, आपण पाण्याचा सकारात्मक वापर करू या, आणि त्यांनी लोकांना आपापल्या भावना कागदाच्या होड्यांवर लिहून सोडायला सांगितल्या. होड्या तरंगत साहेबांकडे गेल्या. साहेबांनी वाकून एक उचलली आणि वाचली. तीत लिहिलं होतं, 'बिस्किटं भिजली.' दुसऱ्या होडीतही तेच होतं. केस कापणारा उठून म्हणाला, "साहेब, मी मागे तिसऱ्या रांगेशी थांबलो होतो. हा काही थांबत नाहीये."

पाणी गुडघ्याशी आलं तेव्हा नकाशा भिंतीवरून सुटला आणि पाण्यात उताणा पडला. आणि मग मंडळी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ती निळी रेघ सुजू लागली. तो मार्कर होता बालवाडीचा, हातावरून धुतला जाणारा. शाई पसरली. आधी मासळीबाजार रेघेत गेला. मग शाळा, इस्पितळ, टपाल कचेरी. मग ती टेकडी चढू लागली. साहेब खुर्चीवर उभे राहून बघत होते. त्यांच्या घराच्या चौकोनाला शाईने एका बाजूने स्पर्श केला, दुसऱ्या बाजूने वेढलं आणि गिळलं.

"हे... हे अंतिम नाही," साहेब म्हणाले. आणि खुर्ची तीन पायांची निघाली.

त्यानंतर सभा बरखास्त झाली असं म्हणता येत नाही, कारण ठराव कोणी मांडला नाही. पण सगळे एकाच दिशेने पळाले. खालच्या बंदरात पाण्याच्या वर एकच जागा होती: पाच पायऱ्या आणि त्यावरचं मावशीचं घर. ज्यांनी आयुष्यभर त्या पायऱ्यांना शिव्या घातल्या, ते आता त्या मोजत चढत होते. मावशी, गल्ली पायाखालची म्हणून, सगळ्यांच्या आधी पोचली होती आणि पाचव्या पायरीवर दारात उभी होती. मागे खिडकीत वन्सं. खाली गर्दी. सर्वांत पुढे साहेब, पँट मांडीपर्यंत दुमडलेली, केसांत एक होडी.

साहेबांनी वर पाहिलं. आवाजात सगळं आर्जव आणलं.

"मावशी, आत यायला हरकत नाही ना?"

पायरीवर पाणी चुबुक चुबुक करत होतं. मावशीचं तोंड सवयीने उघडलं. ह निघाला. र निघाला. खिडकीत वन्संनी देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. मावशीने मागे वळून चार बोल्टांकडे पाहिलं, आणि मग पुढे तोंड करून म्हणाली,

"हरकत आहे."

"काय?"

"आहे. हरकत आहे. माझं घर तुम्ही एका पेनाने पुसलंत, आणि मी तुमची बाही पुसत होते. आहे माझी हरकत. खूप आहे. चार वर्षांची साठली आहे."

चार वर्षं का, हे साहेबांना कळलं नाही. वन्संना कळलं. त्यांनी खिडकीतून तोंड आत घेतलं.

"मावशी, एक मिनिट!" शब्दशः कमरेभर पाण्यातून वही डोक्यावर धरून ओरडला. "थांबा! लिहू दे मला!" त्याने पेन झटकलं. चालेना. मावशीने कानामागची पेन्सिल काढली, वाकून त्याला दिली आणि तो लिहून होईपर्यंत थांबली. मग तिने ती सगळी कुडकुडणारी, ओशाळलेली माणसं एकदा पाहून घेतली.

"हं," ती म्हणाली. "आता पाय पुसून आत या."

(शब्दशःने तेही लिहिलं. हरकत एक. सूचना एक. कार्यालय उघडल्यापासून वहीच्या मुखपृष्ठावर 'हरकती व सूचना' असं छापलेलं होतं. ते त्या दिवशी पूर्ण झालं.)

दोन खोल्यांत दोनशे अठरा माणसं कशी मावली ते देव जाणे. पुढे सगळं नियमाप्रमाणे झालं. वही वाळवली. शाईने लिहिलेलं सगळं धुऊन गेलं होतं. दोनशे तेरा जणांची संमती गेली, मावशीच्या पाच संमत्याही गेल्या, आणि साडेतीन महिन्यांचे खोकले गेले. राहिली ती फक्त पेन्सिलीची एक ओळ. त्यामुळे अंतिम अहवाल निर्विवाद झाला. संपूर्ण गाव, टेकडीसह, रेघेत. हरकत घेणारी व्यक्ती, एक. बाकी सर्व, नाव वहीत नसल्याने, रकाना सात.

समाधानी लोकांना हलवण्याचं काम सुरू आहे. समुद्राची भिंत मंजूर झाली असून ती नियमानुसार एका घराभोवती बांधण्यात येईल. भिंतीने खिडकीचा उजेड जातो, अशी मावशीची दुसरी हरकत दाखल आहे, आणि त्यामुळे काम थांबलं आहे. रोज दुपारी तिच्या पायऱ्यांवर वर्ग भरतो. ती टाके घालता घालता शिकवते. साहेब पहिल्या पायरीवर बसतात. त्यांची प्रगती बेताची आहे. "माझी हरकत आहे," मावशी म्हणते. "माझी हरकत... म्हणजे तशी हरकत नाही, पण," साहेब म्हणतात. खिडकीतून वन्सं छडी आपटतात. "परत!"

अशी ही गोष्ट, मंडळी. उठायची घाई करू नका, एक सांगायचं राहिलं. सुरुवातीला मी तुम्हाला विचारलं होतं, सरकायला हरकत नाही ना? तुम्ही काही बोलला नाहीत, आणि सरकलात. ज्यांच्यासाठी सरकलात ते वहीवाले गृहस्थ कोण, हे तुम्ही विचारलं नाहीत, आणि मीही सांगितलं नाही. ते शब्दशः. हल्ली ते गावोगाव जातात, आणि पेन्सिलीने लिहितात. तुम्ही कुठल्या रकान्यात आहात ते पत्राने कळेल.

पत्र आलं की त्या मावशीची आठवण ठेवा. पाच पायऱ्या आहेत. पाय पुसून जा.